त्रुटींचा रकाना

थोरल्याची नोकरी मंगळवारी गेली आणि बाबांची पुढची खोली रविवारी रंगवायची ठरलेली होती. नोकरीचं काय, ती जाते. रंगकाम पुढे ढकलायचं नाही, हा या घराचा कायदा. दर चौथ्या वर्षी तिन्ही मुलं आपापली घरं सोडून एक दिवस बाबांकडे जमत, जुने कपडे चढवत आणि परक्या माणसाचा ब्रश भिंतीला लागू न देता संध्याकाळच्या आत खोली नवी करून टाकत. मागच्या खेपेला धाकट्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, तर त्याला खुर्चीत बसवून खिडकीची चौकट त्याच्या हवाली केली होती.

या खेपेला एक जादा नियम होता. बाबांना काही कळता कामा नये. हे थोरल्याच्या बायकोनं फोन करून मधलीला बजावलं, मधलीनं धाकट्याला बजावलं, आणि धाकट्यानं घाईघाईत फिरून थोरल्याच्या बायकोलाच बजावलं.

कारणही तसंच होतं. वजनकाट्यांच्या त्या कारखान्यात बाबांनी अडतीस वर्षं काढली होती, शेवटची पंधरा तपासणी विभागाचे मुख्य म्हणून. थोरला एकवीस वर्षांचा झाला त्या आठवड्यात ते त्याला हाताला धरून फाटकातून आत घेऊन गेले, आणि तो सत्तावीस वर्षं आतच राहिला. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक काट्यावर, हातमोजे घालून, प्रमाण वजनं ठेवायची. काटा किती चुकतो ते कागदावरच्या रकान्यात लिहायचं. अगदी अचूक काटा नसतोच. किती चुकतो ते खरं सांगायचं, एवढंच काम.

मंगळवारी अकरा वाजता तीस जणांना कॅन्टीनमध्ये बोलावलं गेलं आणि एका नव्या साहेबानं पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं, की आता नवा काटा स्वतःच स्वतःला तपासतो. बायको औषधांच्या दुकानातली पाळी संपवून दुपारी घरी आली, तर थोरला स्वयंपाकघरातला काटा उघडून बसलेला. "सात ग्रॅम कमी दाखवतो गं," तो म्हणाला. आवाजात इतकं समाधान होतं की तिला आधी हसूच आलं. मग तो या वेळी घरी का, हे तिच्या लक्षात आलं आणि ती त्याच्या शेजारी फरशीवरच बसली.

तर रविवार. सोफा खोलीच्या मधोमध ओढून त्यावर जुनी चादर टाकलेली, फरशीभर वर्तमानपत्रं. थोरला शिडीवर, कारण छताच्या कडेला चिकटपट्टीशिवाय सरळ रेघ ओढणारा या घरात तो एकटाच. धाकट्याकडे रोलर, कारण रोलरला धीर लागत नाही. मधली एका शाळेची मुख्याध्यापिका. ती दार घासत होती आणि घासता घासता दाराला रागावतही होती. थोरल्याची लेक वीस वर्षांची झाली तरी सगळे तिला चिमणीच म्हणत; ती बादलीतला रंग ढवळत होती. बाबा, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, मागच्या नळावर ब्रश धुवायला गेले, आणि धाकटा तेवढ्यात शिडीखाली येऊन कुजबुजला, "दादा, आता बोल. हो की नाही?"

धाकटा फर्निचरच्या मोठ्या शोरूमचा व्यवस्थापक होता. विक्रीची एक जागा त्यानं भावासाठी मालकांकडून मागून ठेवली होती. "आज संध्याकाळपर्यंत त्यांना सांगायचंय. उद्या सकाळी ते दुसरा माणूस घेतील. तू नुसतं हो म्हण."

"मला विकता येत नाही रे."

"त्यात न येण्यासारखं काय आहे? हा सोफा घे. चिमणे, तू गिऱ्हाईक."

चिमणीनं रंगाची काठी बाजूला ठेवली, नाक वर केलं आणि सोफ्याभोवती एक चक्कर मारली. "मजबूत आहे ना हो?"

थोरला शिडीवरून खाली आला. त्यानं चादर सारली, सोफ्यावर बसला, उठला, दुसऱ्या टोकाला बसला. "उजवी बाजू चांगली आहे," तो म्हणाला. "डावीकडची स्प्रिंग गेलीय. तुम्ही उजवीकडे बसत असाल तर घ्या."

"आणि आम्ही दोघं असलो तर?"

"तर नका घेऊ."

धाकट्यानं कपाळाला हात लावला. हाताला रंग होता, तो कपाळाला लागला. चिमणी खो खो हसत सोफ्यावर कोसळली, आणि डाव्या बाजूला खरंच पार खाली गेली.

धाकटाही हसला, पण मनातून तो धास्तावला होता. दोनदा परीक्षेत नापास झाला तेव्हा बाबांपुढे त्याच्या वतीनं उभा राहिला होता दादा. धंद्यात बुडाला तेव्हाही दादाच. आयुष्यात पहिल्यांदा दादाला काही द्यायची वेळ आली होती, आणि त्याच्याकडे द्यायला होते ते सोफे. ते दादानं घ्यावेत अशी त्याची फार फार इच्छा होती.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा ना."

"हो म्हणा हो," थोरल्याची बायको म्हणाली. मंगळवारपासून ती दिराच्या बाजूची होती. नवऱ्यानं चार दिवसांत घरातली दोन घड्याळं, काटा आणि तिचा ताप मोजायचा थर्मामीटर तपासून संपवला होता. आता तपासायला तीच उरली होती. "घरी बसलात तर मला वेड लागेल."

"छे!" मधली दारामागून कडाडली. "दादा सोफे विकणार? आठवड्यात शोरूम बंद पडेल. त्यानं आपल्या कामाची जागा शोधावी. दादा, अर्ज केलास का कुठे?"

"केला. काल सकाळी. एक तपासणी प्रयोगशाळा आहे, दवाखान्यांतले आणि औषध कारखान्यांतले काटे तपासतात. कागदावर लिहिला आणि चिमणीच्या फोनवरून त्याचा फोटो पाठवला."

"दाखव. शुद्धलेखन बघते."

"बघ. पण तो गेलाय."

मधलीनं हात पुसले, डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला आणि चिमणीच्या फोनवर वाचायला लागली. पहिल्या चार ओळी तिनं मान डोलावत वाचल्या. पाचव्या ओळीला मान थांबली.

"दादा, हे काय आहे? 'आढळलेल्या त्रुटी'?"

"प्रमाणपत्राचा नमुना. मला दुसरा कुठला माहीत नव्हता. मी जन्मात अर्ज केलाय कुठे?"

"पण त्रुटी कोणाच्या?"

"माझ्या."

धाकटा रोलर हातात घेऊन ओरडला, "नोकरीच्या अर्जात आपल्या चुका लिहिल्यास? आणि पाठवूनही दिल्यास?"

"सत्तावीस वर्षं रोज तो रकाना भरलाय," थोरला ओशाळून म्हणाला. "रिकामा सोडवेना."

"वाच की," दारातून आवाज आला. "थांबलीस का?"

बाबा ओला ब्रश हातात धरून उभे होते.

"काही नाही बाबा," धाकट्यानं तोंडाला येईल ते ठोकून दिलं, "शेजारच्या माणसाचा अर्ज आहे."

"शेजारचा माणूस कधीपासून काटे तपासायला लागला?" बाबांनी ब्रश बादलीवर आडवा ठेवला. "बुधवारीच कळलंय मला. आमच्या वेळचा भांडारपाल रस्त्यात भेटला. चार दिवस बघतोय, तिघांपैकी कोण आधी तोंड उघडतं. तुमच्यापेक्षा भिंती जास्त बोलक्या आहेत."

थोरल्याला वाटलं, आपण पुन्हा एकवीस वर्षांचे झालो. "बाबा, रागावलात?"

"रागावलोय तर! काटा स्वतःच स्वतःला तपासतो म्हणे. उद्या मी डॉक्टरांना सांगतो, माझा रक्तदाब मीच सांगेन, तुम्ही फक्त लिहून घ्या."

सगळे हसले, आणि सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. बाबांचा सर्वांत जास्त. बुधवारपासून त्यांच्या मनाला एकच गोष्ट खात होती. या पोराला त्या फाटकातून आत आपण नेलं, त्याला न विचारता. तो आता आपल्या नावानं बोटं मोडत असेल. पण पोरगं तर अर्जातसुद्धा त्रुटी लिहून बसलं होतं. बाबांना इतकं बरं वाटलं की ते सोफ्याच्या उजव्या बाजूला ऐसपैस बसले. "हं. पहिली त्रुटी."

मधलीनं शाळेच्या प्रार्थनेच्या सुरात वाचलं, "एक. टंकलेखन दोन बोटांनी."

"एका बोटानं," चिमणी म्हणाली. "दुसरं बोट नुसतं वर धरलेलं असतं."

"दुरुस्ती करा," बाबा म्हणाले. "त्रुटी कमी दाखवणं हाही गुन्हाच. दोन?"

"दोन. राग आल्यास अबोला, जास्तीत जास्त दोन दिवस."

"दोन?" थोरल्याच्या बायकोनं खिडकी पुसायचं फडकं खाली टाकलं. "चार! मागच्या वर्षी मी यांची जुनी चप्पल टाकून दिली, तर चार दिवस माझ्याशी चिमणीमार्फत बोलत होते. 'तुझ्या आईला सांग, चहा चांगला झालाय.'"

"झाला होता चांगला," थोरला म्हणाला.

"मग मला सांगायचं होतंत!"

आता कोणाला आवरणं शक्य नव्हतं. दादा मिटिंगमध्ये बोलत नाही, हे चौथ्या क्रमांकावर होतं. त्यावर मधली म्हणाली, तिच्या लग्नात दोन शब्द बोलायला उभा राहिला तर खरोखर दोनच बोलला. "'जेवून जा' म्हणाला, आणि बसला." धाकट्यानं सांगितलं, दादा गाडी लावताना उतरून दोन्ही बाजूंचं अंतर पावलांनी मोजतो. चिमणी म्हणाली, माझे बाबा केकचे तुकडे पट्टीनं मोजून कापतात, तोवर पाहुणे कंटाळून जातात. थोरला मधोमध उभा होता, कानावर रंग, आणि एकेक आरोप ऐकताना त्याचा चेहरा उजळत चालला होता. मंगळवारी त्या साहेबानं त्याला 'अतिरिक्त मनुष्यबळ' म्हटलं होतं. इथे त्याच्या केक कापण्याचीसुद्धा नोंद होती.

"तीन राहिली," बाबा म्हणाले.

मधलीनं वाचलं. "तीन. वरिष्ठांशी वाद घालण्याची सवय. त्यामुळे एकदा माल पाठवण्यास तीन दिवस उशीर."

"हे कुठलं?" बाबांनी विचारलं, पण त्यांना ठाऊक होतं.

"ते प्रसूतिगृहाचे काटे बाबा. नवजात बाळांचे. खोली गरम झाली की चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होते. साहेब म्हणाले, सही कर. मी नाही केली."

"मग ही त्रुटी नाही," बाबा म्हणाले. "ही चुकीची नोंद आहे. त्या काट्यावर बाळाचं वजन वाढलंय असं समजून आई निश्चिंत राहिली असती. ही खोडायची."

थोरल्याची बायको नवऱ्याकडे बघत राहिली. त्या तीन दिवसांत तो घरी येऊन तिच्याशी अवाक्षर बोलला नव्हता आणि ती समजली होती की चपलेसारखंच काहीतरी असणार. तिनं फडकं उचललं आणि मुकाट्यानं दिराच्या शेजारून निघून सासऱ्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात मधलीच्या हातातला फोन वाजला.

"अनोळखी नंबर आहे," ती म्हणाली आणि तो थोरल्यापुढे धरला. थोरल्याचे दोन्ही हात रंगानं भरलेले. चिमणीनं फोन घेतला, स्पीकर लावला आणि बापाच्या तोंडापुढे धरला.

एका बाईंचा कोरडा, घाई नसलेला आवाज आला. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. रविवारी दवाखान्यांत गर्दी कमी, म्हणून त्यांची माणसं रविवारीच जास्त कामावर असतात, असं त्यांनी सांगितलं. "तुमचा अर्ज वाचला. वीस वर्षं अर्ज वाचतेय. असा नव्हता आला."

"हो," थोरला म्हणाला.

"एक शंका आहे. त्रुटी क्रमांक दोन. अबोला जास्तीत जास्त दोन दिवस. हे मोजलं कोणी?"

"चार!" थोरल्याची बायको ओरडली आणि तिनं स्वतःच्याच तोंडावर फडकं दाबलं.

"हे कोण?"

"माझी बायको," थोरला म्हणाला. "तिचं बरोबर आहे. माझी नोंद चुकली. तीन क्रमांकाचीही चुकलीय."

बाईंचा आवाज आला, आणि त्या हसू दाबतायत हे सगळ्यांना कळलं. "मंगळवारी दहा वाजता मुलाखतीला या. नोकरी देते असं म्हणत नाही, अजून तिघं आहेत. आणि येताना हा कागद नीट करून आणा. खाली तपासणाऱ्याची सही नाही. सहीशिवाय प्रमाणपत्र आम्ही धरत नाही."

फोन बंद झाल्यावर चिमणीनं आनंदानं जी उडी मारली त्यात रंगाची बादली जेमतेम वाचली. मधलीनं भावाला मिठी मारली आणि दोघांच्या अंगावरचा रंग एकमेकांना लागला. थोरल्याचं लक्ष मात्र धाकट्याकडे होतं.

"धाकट्या, मालकांना नाही सांग."

"दादा, नुसती मुलाखत आहे ही. अजून तिघं आहेत."

"हो. पण कामाचं बोलणं होईल. मंगळवारपासून मी तेच शोधतोय रे. तू एवढं माझ्यासाठी केलंस..."

"मालकांना नाही म्हणा भावोजी," थोरल्याची बायको म्हणाली. "ही नाही मिळाली तर पुढची शोधतील. मी दुकानात जादा पाळी घेईन. तपासू देत घड्याळं."

धाकट्यानं एक क्षण मान खाली घातली. मग कपाळावर रंग असलेलं तोंड त्यानं वर केलं, आणि ते हसत होतं. "सुटलो! तू शोरूममध्ये आलास तर आमच्या प्रत्येक पलंगाची स्प्रिंग दाबून बघशील, हे मला सोफ्याच्या वेळीच कळलं होतं. ते जाऊ दे. सही मी करतो."

"तू का म्हणून?" मधली म्हणाली. "मी मुख्याध्यापिका आहे. माझा शिक्का आहे."

"तेवीस वर्षं रोज मी तपासतेय यांना," थोरल्याची बायको म्हणाली, "आणि शिक्का तुमचा?"

"नात्यातल्या माणसाची सही चालत नाही," थोरला म्हणाला. "कारखान्याचा नियम आहे."

हे म्हटल्यावर तो बाबांकडे बघायचं टाळू लागला, आणि का ते बाकीच्यांना कळलं. सुरुवातीची नऊ वर्षं थोरला बाबांच्याच हाताखाली होता. विभागातल्या प्रत्येक पोराच्या कागदाखाली बाबांची सही पडे, कधी शाबासकीचा एखादा शब्दही. थोरल्याचे कागद तेवढे शेजारच्या विभागात सहीला जात. नियम होता, आणि थोरल्यानं कधी तक्रार केली नाही. पण आपलं काम बाबांनी कधी पाहिलंच नाही, असं त्याला वाटे. ते वाटणं अठ्ठेचाळीसाव्या वर्षीही गेलं नव्हतं.

"रोज वाचत होतो," बाबा म्हणाले.

"काय?"

"तुझे कागद. शेजारच्या विभागातून आले की घरी जायच्या आधी सगळे वाचून काढायचो. सही तेवढी करता येत नव्हती." बाबा सोफ्यावरून उठले. "तो नियम कारखान्याचा. मी आता तिथे नाही. आणि मंगळवारपासून, देवाच्या कृपेनं, तूही नाहीस. आण तो कागद."

थोरल्याचे हात रंगाचे होते, म्हणून त्याच्या पँटच्या मागच्या खिशातून अर्जाच्या कागदाची घडी बायकोनं काढली. बाबांनी मागच्या नळावर जाऊन साबणानं दोनदा हात धुतले, कोरडे केले, बोटांची नखंसुद्धा पाहिली. मग न रंगवलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर कागद पसरून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. एकमध्ये दोनचं एक केलं. दोनमध्ये दोनचे चार केले. तीन क्रमांकाची ओळ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ खोडली आणि खोडल्याच्या शेजारी बारीक सही केली. चिमणी काठी हातात धरून तशीच उभी होती आणि रंग तिच्या पायावर ठिबकत होता.

सगळ्यात खाली बाबांनी लिहिलं: 'तपासले. वापरास योग्य.' आणि आपलं पूर्ण नाव लिहून सही केली.

थोरल्यानं ते शब्द वाचले आणि त्याला रडू फुटलं. भिंतीकडे तोंड करावं तर भिंत ओली होती, म्हणून तो सगळ्यांसमोरच रडला, आणि रडता रडता हसायला लागला.

"बाबा, एक जागा रिकामी राहिलीय," मधली कागदावर वाकून म्हणाली. "'पुढील तपासणीची तारीख.' इथे काय लिहायचं?"

"काट्याला एक वर्षाची मुदत असते," थोरला नाक पुसत म्हणाला. "माणसाला काय असते मला कळेना, म्हणून सोडली."

बाबांनी पेन पुन्हा उघडलं. त्यांनी पुढच्या वर्षीची, आजचीच तारीख घातली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हाताला जेवढं ठळक लिहिता येईल तेवढं ठळक त्यांनी तिच्यापुढे लिहिलं: 'मी स्वतः करीन.'